उजेडातून आवाजाकडे

दुपारचं जेवण झालं की चुडामण फिरके एक केळं हातात घेई आणि डोळे मिटी.

आधी देठाजवळ अंगठ्याने दाबून पाही. मग बोटांनी साल चाचपत खालच्या टोकापर्यंत जाई, नाकाशी धरून वास घेई, आणि एवढं सगळं झाल्यावर डोळे उघडून ते सोली. लग्न होऊन धुळ्याला आलेल्या बेबाबाईला पहिल्या दिवशी याचं हसू आलं.

"देवाला दाखवताय का?" तिने विचारलं.

"आमच्याकडे फैजपूरला तशी पद्धतच आहे," तो म्हणाला. पद्धत म्हटल्यावर पुढे काही विचारायचं उरलं नाही.

पण दिवाळीला ती फैजपूरला सासरी गेली, तेव्हा केळीच्या बागेत सासरे, दीर, मजूर सगळे उभ्याउभ्या घडातलं केळं तोडून सरळ तोंडात घालत होते. डोळे कुणीच मिटत नव्हतं. बेबाबाईने ते पाहिलं आणि मनात ठेवून दिलं. तिच्या मनात ठेवलेल्या गोष्टी तिथे बरेच दिवस राहत.

चुडामण धुळ्याच्या एका सभागृहात रंगमंचाच्या मागे काम करी. पडदा ओढायचा, पायऱ्या-कमानी उभ्या करायच्या आणि मुख्य म्हणजे दिवे सांभाळायचे. नोकरी रोजंदारीची. त्याच्या वर सुकदेवभाऊ होते. धोतर नेसून शिडीच्या शेवटच्या पायरीवर चढणारे, तोंडाने फटकळ. चुडामणला दिवे त्यांनीच शिकवले. दिव्यांपुढे रंगीत कागद लावायचे. ते पत्र्याच्या चौकटीत बसवलेले असत आणि चौकटी भिंतीजवळच्या लाकडी मांडणीत ओळीने उभ्या. पहिली लाल, दुसरी हिरवी, तिसरी पिवळी, चौथी निळी. चुडामण न पाहता हात घाली आणि बरोबर चौकट काढी. "याचे डोळे बोटांना आलेत," सुकदेवभाऊ कौतुकाने म्हणत.

रंगांबद्दल मात्र तो घरी कधी बोलत नसे. बोले ते उजेडाबद्दल.

"पहाट आणायची असली ना बेबा, तर दिवा असा चढवायचा की लोकांना कळता कामा नये. कळलं की ती पहाट नाही, ते बटण."

बेबाबाईला नाटकातलं फारसं समजत नसे. पण पास असला की ती शेजारच्या लताबाईला घेऊन मागच्या रांगेत, बाजूच्या दाराशी बसे. तिथून विंगेतला चुडामण दिसे. दिवा चढवताना त्याची हनुवटी किंचित वर होई, जणू काही जड वस्तू तो एकटाच हळूहळू उचलतो आहे. पुढे रंगमंचावर कोण रडतंय, कोण मरतंय, याच्याशी बेबाबाईला देणंघेणं नसे. ती ती हनुवटी पाही.

एका वर्षी दिवाळीनंतर सभागृहाला चुना लागला. रंगाऱ्यांनी मांडणी उचलून अंगणात नेली, चौकटी पोत्यावर पसरल्या आणि काम झाल्यावर जशा हाताला आल्या तशा पुन्हा लावून ठेवल्या. कुणाच्या लक्षात यावं असं त्यात काही नव्हतं.

त्या शनिवारी गावातल्या एका हौशी मंडळाचं नाटक होतं. दुसऱ्या अंकात नवरीला हळद लागते. नवरी पाटावर बसली, बायकांनी गाणं धरलं, आणि दिवा चढू लागला. अगदी हळू, चुडामणच्या हाताने चढायचा तसा. पिवळीधमक व्हायची ती नवरी बघता बघता हिरवीगार झाली.

मग पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "नवरी आजून कच्ची शे रे भाऊ. आढी लावा, पिकू दे."

सभागृह हसलं. लताबाईही पदर तोंडाला लावून हसली. बेबाबाई हसली नाही, कारण ती विंगेत पाहत होती. चुडामणची हनुवटी वर होती. चेहऱ्यावर काम मनासारखं उतरल्याचं समाधान होतं. लोक का हसतायत, म्हणून तो रंगमंचाकडे पाहत होता. त्या हिरव्या नवरीकडे बघत होता आणि त्याला काहीच वावगं दिसत नव्हतं. तेवढ्यात सुकदेवभाऊ धावत आले आणि चौकट ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी सुकदेवभाऊ घरी आले. चहा घेतला, पण कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "चुडामण, तू माणूस चांगला आहेस. पण हलगर्जी माणूस उजेडाजवळ नको. या वेळी सोडलं."

चुडामणने मान खाली घातली. ते गेल्यावरही तो तसाच बसून राहिला. मग त्याने बायकोला एक गोष्ट सांगितली, जी लग्नाला इतकी वर्षं होऊन त्याने सांगितली नव्हती.

तो विशीत होता. फैजपूरची केळी सावद्याच्या स्टेशनवर जायची आणि तिथून वॅगन भरून दिल्लीला. केळी कच्ची, हिरवीच पाठवायची. घडात एखादं केळं जरी पिवळं पडलेलं गेलं, तरी बंद वॅगनमध्ये त्याच्या उबेने शेजारची पिकतात आणि दिल्लीपर्यंत नुसता चिखल होतो. घड पाहून घ्यायचं काम वडिलांनी त्याच्यावर सोपवलं होतं. त्याने एकेक घड पाहिला, फिरवून पाहिला. तरी त्या खेपेची अर्धी वॅगन सडली.

"नाना सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, 'डोये फुटले व्हते का रे तुह्ये?' मी पाहिले होते गं सगळे घड. पण सांगणार काय? त्यानंतर मी घडाला हात लावला नाही. धुळ्याला निघून आलो."

बेबाबाईने चहाचे कप उचलले. तिला तिचं माहेर आठवत होतं. तिचे वडील मोतीलालआबा नरडाण्याच्या स्टेशनवर पॉइंट्समन होते, रूळ बदलणारे, गाड्यांना लाल-हिरवी झेंडी दाखवणारे. लहानपणी ठराविक वर्षांनी ते डोळे तपासायला जात आणि घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागे. नजर अधू झाली तर चष्मा मिळतो, पण रंग ओळखता आला नाही तर काम जातं, हे त्या घरातल्या पोरींनाही ठाऊक होतं.

चार दिवसांनी तिने भाजीवालीकडून मिरच्या घेतल्या. ओल्या, अर्ध्या पिकून लाल झालेल्या, अर्ध्या हिरव्या. सूप नवऱ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "माझे हात पिठाचे आहेत. तेवढ्या लाल वेगळ्या करा, ठेचा हिरव्याचाच करते."

चुडामण सुपाजवळ बसला. एक मिरची उचलून त्याने वाकवून पाहिली, दुसरी दाबून पाहिली. देठ ताठ त्या इकडे, मऊ त्या तिकडे, असे दोन ढीग त्याने नीट लावले. दोन्ही ढिगांत लाल होत्या आणि दोन्हींत हिरव्या होत्या.

"झालं," तो म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली आणि सूप आत घेऊन गेली. त्या दिवशी ठेचा तांबूस झाला. त्याने तो चवीने खाल्ला.

पुढच्या आठवड्यात ती त्याचा डबा द्यायला म्हणून सभागृहात गेली. मांडणीतल्या प्रत्येक चौकटीच्या मुठीला तिने सुताच्या गाठी मारल्या. लालला एक, हिरव्याला दोन, पिवळ्याला तीन. निळ्याला काहीच नाही. निळा त्याला कळतो, हे तिने घरच्या चादरीवरून पडताळून घेतलं होतं.

"पुन्हा कुणी मांडणी हलवली तर," एवढंच ती म्हणाली.

चुडामणने एका मुठीवरून अंगठा फिरवला. गाठ लागली. तो बायकोकडे पाहत राहिला. ती डब्याचं झाकण काढत होती. नंतर दोन वर्षं एकही नवरी हिरवी झाली नाही.

मग सुकदेवभाऊंच्या निवृत्तीची गोष्ट निघाली. व्यवस्थापकांनी चुडामणला बोलावून सांगितलं की भाऊंच्या जागी कायम माणूस घ्यायचा आहे आणि भाऊंची इच्छा चुडामणलाच घ्यायची आहे; पण शिक्षण झाल्याचं प्रमाणपत्र लागेल. "नुसतं हाताखाली शिकलो म्हणून चालायचं नाही. वायरमनचं करा, दिव्यांचं करा, आवाजाचं करा. पण वर्षभरात काहीतरी करा. नाहीतर बाहेरचा येईल."

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. धुळ्यातच वायरमनचा अभ्यासक्रम होता. तिथे प्रवेशाआधी डॉक्टरी तपासणी होई, डोळ्यांचीसुद्धा. पुण्याला दिव्यांचं महिनाभराचं शिबिर भरायचं होतं. आणि जळगावला एका रेडिओ-दुरुस्तीच्या संस्थेत माइक, स्पीकर, ध्वनिमुद्रण शिकवणारा सहा महिन्यांचा वर्ग होता.

ज्याला त्याला वायरमनच पसंत होतं. सुकदेवभाऊंचं म्हणणं, "त्याला कुठंही मान आहे. उद्या सभागृह बंद पडलं तरी वीज बंद पडत नाही." लताबाईचा नवरा म्हणाला, "आवाजाचं शिकून काय लग्नात भोंगे लावशील?" चुडामणचंही ठरत आलं होतं. कायम नोकरी, हक्काचा पगार, आणि फैजपूरला जाऊन वडिलांना सांगता येईल असं काहीतरी.

"वायरमनच करतो," तो एका सकाळी म्हणाला.

बेबाबाई पोळी लाटत होती. तारांमध्ये लाल कोणती आणि हिरवी कोणती, यावर माणसाचा जीव असतो, एवढं तिला माहीत होतं. डोळ्यांच्या तपासणीत अडकला तर परक्या डॉक्टरपुढे, रांगेतल्या पोरांपुढे पुन्हा मान खाली जाईल. आणि नशिबाने सुटला, तर रोज तारांत हात घालील. तारांना गाठी मारायला ती कुठे जाणार होती?

"आधी आबांना विचारू," ती म्हणाली. "सरकारी नोकरी केलेला माणूस आहे."

रविवारी दोघं नरडाण्याला गेली. मोतीलालआबा आता निवृत्त झाले होते. पण स्टेशनाजवळच घर, त्यामुळे गाडी आली की अजूनही खाटेवरून उठून बसत. जावयाचं पाणी-पान झाल्यावर बेबाबाई वडिलांना चुलीपाशी घेऊन गेली आणि हळू आवाजात थोडं बोलली. आबा ऐकत राहिले. मग कोनाड्यातून त्यांनी दोन जुन्या झेंड्या काढल्या, उन्हाने विटलेल्या, दांडीला गुंडाळलेल्या.

"जवाईबापू, जरा गंमत करूत. हाई कोन्ती शे, सांगा."

चुडामणने पाहिलं. बायकोकडे पाहिलं, ती तांदूळ निवडत होती. तो म्हणाला, "हिरवी."

आबांनी हात पाठीमागे नेले, पुन्हा एक पुढे धरली. "आनि हाई?"

"लाल."

"आनि हाई?"

या वेळी चुडामण पुढे वाकला, डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाला, "आबा, मला सांगता येत नाही."

म्हाताऱ्याने दोन्ही झेंड्या मांडीवर ठेवल्या. तिन्ही वेळा त्यांनी लालच पुढे धरली होती. पण ते त्यांनी लगेच सांगितलं नाही. आधी ते रेल्वेतल्या एका दगडू नावाच्या माणसाबद्दल बोलू लागले. त्यांच्याबरोबरच भरती झालेला, अंगाने पैलवान. डोळ्यांच्या तपासणीत त्याला लाल-हिरवं कळेना. साहेबाला वाटलं थट्टा करतोय. तर डॉक्टर म्हणाले, हा जन्मतः तसाच आहे. याला आयुष्यात हे दोन रंग वेगळे दिसलेलेच नाहीत, आणि दिसणारही नाहीत; हिरवं-पिवळंही याला सारखंच.

"मंग त्यानं काय करं?" बेबाबाईने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

"काय करी? पार्सल ऑफिसमा गया. बठ्ठं आयुष्य मजामा काढं. त्याना काय गुन्हा व्हता? डोयाच तसा." मग त्यांनी झेंड्यांकडे बोट केलं. "बठ्ठ्या खेपले लालच व्हती, जवाईबापू."

चुडामणने एक झेंडी उचलली. कापडावर अंगठा फिरवला, उलटी-सुलटी केली. बाहेरून मालगाडी जात होती. डबे मोजण्याची सवय असलेले आबा त्या दिवशी दाराकडे वळले नाहीत.

"म्हणजे मी नीटच पाहिलं होतं," चुडामण शेवटी म्हणाला. "वॅगन भरताना. मी एकेक घड पाहिला होता, बेबा."

"तेच तर," ती म्हणाली.

मग तो रडला. घरातल्या माणसांसमोर रडायला लाज वाटणारा माणूस, पण तेव्हा त्याला ते सुचलं नाही. आबा उठून म्हशीला चारा घालायला गेले, चारा घातलेला असूनही.

परतीच्या एसटीत त्याने विचारलं, "तुला केव्हापासून माहीत?"

"मिरच्यांपासून."

"आणि गाठी?"

"त्या नंतरच्या."

बरंच अंतर गेल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशीचा ठेचा तिखट होता."

वायरमन सुटलं ते सुटलंच. आता उरलं पुणं आणि जळगाव. त्याचं मन पुण्याकडे ओढत होतं. गाठी होत्या, हात तयार होता, आणि उजेड चढवण्यासारखं सुख त्याला दुसऱ्या कशात माहीत नव्हतं. बेबाबाईने त्याला अडवलं नाही. तिने एवढंच विचारलं, "तिथे गाठी कोण मारील?"

तिसऱ्या दिवशी, सभागृहात तालीम नसताना, तो रिकाम्या रंगमंचावर एकटा गेला. सगळे दिवे त्याने अगदी हळू चढवले, पांढरेच, चौकटीशिवाय. थोडा वेळ तसाच बसला आणि हळू उतरवले. दिवे उतरताना बारीक गुणगुणतात. ते इतरांना ऐकू येत नसे; सुकदेवभाऊ म्हणत, तुझ्या कानात किडा आहे. कोणता दिवा आता जाणार, हे चुडामण त्या गुणगुणण्यावरून सांगत असे आणि बहुतेक वेळा ते खरं होई. त्या दिवशी रिकाम्या सभागृहात त्याने ते गुणगुणणं पुष्कळ वेळ ऐकलं.

"जळगावला जातो," घरी येऊन तो म्हणाला.

जाण्याआधी दोघं फैजपूरला गेली. चुडामणचे वडील उखर्डूनाना ओसरीवर बसले होते, आता थकलेले. चुडामणने त्यांना सगळं सांगितलं. झेंड्यांचं, दगडूचं, वॅगनचं. सांगून झाल्यावर नाना नुसतं "बरं" म्हणून आत निघून गेले. चुडामणचा चेहरा उतरला. बेबाबाईला सासऱ्यांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना नाना बागेतून आले. हातात एकच केळं होतं. ते त्यांनी मुलापुढे धरलं. सवयीने चुडामणचे डोळे मिटू लागले, अंगठा देठाकडे गेला.

"पिवयं हाये," नाना म्हणाले. "खाय."

चुडामणने ते तिथेच, उभ्याउभ्या, उघड्या डोळ्यांनी खाल्लं.

पुढचे सहा महिने तो आठवड्यातून तीन दिवस पहाटेची गाडी पकडून पारोळा, एरंडोल करत जळगावला जाई. वर्गातली मुलं त्याच्याहून कितीतरी लहान. ती त्याला काका म्हणत आणि त्याच्या डब्यातलं लोणचं संपवत. संस्थेने सरावाला दिलेला टेपरेकॉर्डर तो घरी आणी आणि दिसेल त्याचा आवाज धरी. बेबाबाईच्या बांगड्या, स्टोव्ह, लताबाईचं नवऱ्याशी भांडण. शेवटचा आवाज लताबाईला ऐकवला तेव्हा तिने दोन दिवस अबोला धरला, आणि मग "पुन्हा लाव जरा, भाऊ" म्हणून स्वतःच आली. फैजपूरहून त्याने केळीच्या वाळक्या पानांचा भारा आणला. ती पानं माइकजवळ हळू हलवली की वारा होई, जोरात हलवली की वादळ. त्यानंतर धुळ्याच्या त्या सभागृहात जितकी वादळं झाली, ती सगळी उखर्डूनानांच्या बागेतली होती.

प्रमाणपत्र मिळालं, नोकरी कायम झाली. दिव्यांसाठी दुसरा माणूस आला. चुडामणने त्याला चौकटी दाखवल्या, मांडणी दाखवली. गाठींबद्दल त्या माणसाने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आमच्या घरच्यांनी मारल्यात. राहू द्या." पहाटेचा प्रसंग आला की मात्र तो नवा माणूस बाजूला सरे आणि चुडामणला बोलावी. पहाट पांढऱ्यानेच येते. हनुवटी किंचित वर करून तो ती आणी, आणि मग पुन्हा आपल्या आवाजाकडे जाई.

घरी एक गोष्ट बदलली. जेवण झालं की तो केळं हातात घेई, पण आता डोळे मिटत नसे. ते बायकोपुढे धरी आणि विचारी. ती पाहून सांगे. कधी खोटंही सांगे, कच्चं देऊन त्याचं तोंड वाकडं झालेलं बघायला. मग दोघं हसत. केळं नुसतं दाबूनही त्याला कळलं असतं. ते तिलाही ठाऊक होतं.

अशी दहाएक वर्षं गेली. नव्वदच्या दशकातले शेवटचे दिवस असतील. फेब्रुवारीतली दुपार, फार ऊन नाही, फार थंडी नाही. त्याला सकाळपासून खांद्यात दुखत होतं. संध्याकाळी शाळेचं स्नेहसंमेलन होतं, त्यासाठी लवकर जायचं म्हणून तो लवकर जेवला. बेबाबाई ताट उचलत होती. मोरीत तिने पाणी सोडलं, आणि ती वळून येईपर्यंत तो भिंतीला टेकून बसल्याजागी गेलेला होता. डॉक्टर आले, लताबाई आली, सभागृहातली माणसं आली. पुढे कितीतरी दिवस भेटायला येणारे विचारत, जाताना काही बोलले का. बेबाबाई सांगे, हो, बोलले. पाणी सोडायच्या आधीच त्यांनी केळं पुढे केलं होतं आणि रोजच्यासारखंच म्हणाले होते,

"पिकलंय का, पाहा बरं. नसलं तर राहू दे, संध्याकाळी खाऊ."